शिवणीची देवी

गाभाऱ्याच्या दारात गिरधर सुतार थबकला. समोर देवी उभी होती आणि तिचा चेहरा निळा पडला होता.

दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढून त्याला महिना झाला होता. डॉक्टरांनी काळा चष्मा उतरवायची परवानगी दिली आणि दुसऱ्याच सकाळी त्याने दोंडाईच्याहून तापीकाठच्या या गावाची एसटी पकडली. बेचाळीस वर्षांपूर्वी तो चित्तोडकडून हत्यारांची पेटी घेऊन खान्देशात आला होता. तेव्हापासून गावोगावच्या देवळांसाठी त्याने लाकडात देव कोरले, रंगवले. शिवणीच्या लाकडातली ही देवी त्यातलं शेवटचं काम, चार वर्षांपूर्वीचं. त्याच्या मते सगळ्यांत चांगलं.

तो जवळ गेला. त्या वेळी पांढरा रंग कालवताना तो सारखा पिवळा दिसायचा, म्हणून गिरधर त्यात नीळ घालत गेला होता. ओठांचा लाल हनुवटीवर उतरला होता. डाव्या डोळ्याचं रंगवलेलं बुबुळ नाकाला टेकलं होतं.

"हिला नंतर कोणी रंग मारला का?"

देवळाची झाडलोट करणारा भाईदास झाडू घेऊन उभा होता. "नही, आबा. तुम्ही दिन्ही तशीच शे."

गिरधर खाली बसला. "आणि तुम्ही बसवलीत?"

"तुमनं नाव मोठं, आबा. तुमले वाईट वाटी म्हनीसन कोनीच बोलनं नही."

या देवीनंतर गिरधरकडे एकही काम आलं नव्हतं. लोकांना आता फायबरच्या मूर्ती लागतात, लाकडाची कदर राहिली नाही, असं तो चार वर्षं भेटेल त्याला सांगत होता. ऐकणारे मान डोलवायचे.

"उद्या रंग घेऊन येतो," तो म्हणाला. "दोन दिवसांत पहिल्यासारखी करतो. पहिल्यासारखी नाही. नीट करून देतो."

भाईदासने झाडू भिंतीला टेकवला. "राहू द्या, आबा. गावनी नवी मूर्ती सांगेल शे. संगमरवरनी. पुनवले येई. मंग हाई तापीमा सोडसूत."

गिरधर गुडघ्यावर हात टेकून उठला.

"जरा हात लावू?"

भाईदास बाजूला झाला.

गिरधरने डोळे मिटले. बोटं कपाळावरून भुवईवर आली, भुवईवरून पापणीवर. पापणीची कड जिथे हवी तिथेच होती. बुबुळाची खोबण मधोमध. नाक सरळ, ओठांची मुरड नेमकी. कोरताना पटाशी कुठेही वाकडी पडली नव्हती. त्याने पुन्हा कपाळापासून सुरुवात केली.

"आबा," भाईदास हळू आवाजात म्हणाला, "दुपारनी गाडी चुकी जाई."

गिरधरने डोळे उघडले नाहीत.