नदीतला ख्रिस्तोफर

गॉटलंड बेटावरच्या त्या चर्चमध्ये, दारासमोरच्या भिंतीवर, बाळयेशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा संत ख्रिस्तोफर रंगवलेला होता. सकाळी त्याचं दर्शन घेतलं की त्या दिवशी मरण येत नाही, अशी गावाची श्रद्धा. सिग्ने तापानं अंथरुणाला खिळली, तेव्हापासून लेकीच्या वाटचं दर्शन तिची आई गुनवोर घेत होती.

आज ती दारातच थबकली. संत नदीत नव्हताच. तो पलीकडच्या काठावर उभा होता, आणि त्याचा खांदा रिकामा होता.

“बोत्विदकाका, चित्राला कुणी हात लावला?”

“कोण लावणार, बये? जागरणानं डोळे गेलेत तुझे,” म्हणत म्हातारा घंटावाला मेणबत्ती घेऊन आला. त्यानं भिंतीवर हात फिरवला. बोटं ओली झाली. त्यानं क्रूसाची खूण केली.

“घरी जा, पोरी. पळ!”

गुनवोर धापा टाकत घरी पोचली. सिग्ने अंथरुणात उठून बसली होती. ताप पार उतरला होता. तिला कवटाळताच गुनवोरला रडूच फुटलं.

सिग्नेनं आईचे गाल पुसले.

“रडू नकोस गं,” ती हळूच म्हणाली. “पण आई, तू या काठावर कधी आलीस?”