लॉट एचमधली पांढरी गाडी

"म्हाताऱ्या माणसांना दारात उतरवून गाडी लावायला जायचं नाही. हे बोल्डमध्ये टाक," परीक्षित म्हणाला.

आश्लेषानं मोबाइलवरच्या मेसेजमधलं ते वाक्य ठळक केलं. मराठी मंडळाचं वार्षिक प्रदर्शन उद्यावर आलं होतं. प्लेनो आणि आसपासची पाच-सहा हजार माणसं डॅलसच्या त्या अवाढव्य एक्झिबिशन सेंटरवर लोटणार होती, आणि त्यातली निम्मी तरी तिथं पोचल्यावरच फोन करून विचारणार होती की गाडी कुठं लावायची. मेसेज वाचायचा असतो हे आपल्या लोकांना मान्यच नाही. ते फक्त फॉरवर्ड करतात.

परीक्षित काळे हा मंडळाचा ट्रान्सपोर्टप्रमुख. ईस्ट गॅरेज सकाळी नऊलाच भरतं, ट्रेननं आलात तर स्टेशनपासून सात मिनिटं चालावं लागतं, व्हीलचेअर असेल तर लॉट बी, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. तीन वर्षं तो हे काम एकहाती करत होता. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून कमिटीनं मदतीला आश्लेषाला दिलं. ती मूळची नागपूरची, प्लेनोत येऊन दोन वर्षं झालेली.

दोघं बाणांच्या पाट्या लावत लॉट एचपर्यंत आले. हा पार्किंगचा सगळ्यात शेवटचा लॉट. पलीकडे तारेचं कुंपण, आणि कुंपणाखाली पावसाचं पाणी वाहून नेणारा सिमेंटचा मोठा नाला. जून महिना होता. डांबर इतकं तापलं होतं की बुटातून पाय भाजत होते.

परीक्षित एकदम थांबला. मान तिरकी करून ऐकू लागला.

"ऐकू आलं?"

"काय, दादा?"

"आप्पा. 'परीक्षित, गाडी कुठं लावलीस?' दरवर्षी इथं आलो की ऐकू येतं."

आश्लेषाला फक्त हायवेचा आवाज येत होता.

गोष्ट मंडळात सगळ्यांना माहीत होती. आई गेल्यावर परीक्षितनं वडिलांना साताऱ्याहून इकडे आणलं. आप्पांना विसरण्याचा आजार जडला होता. परीक्षित एकटा, त्यात ऑफिस. रात्रीतून तीन-तीनदा उठून घराबाहेर पडणाऱ्या आप्पांना तोच धरून आणायचा. चार वर्षांपूर्वी याच प्रदर्शनाला तो त्यांना मंडळाच्या बसनं घेऊन आला. दाराशी बाकावर बसवलं आणि तिकिटं आणायला आत गेला. वीस मिनिटांनी परत आला तर बाक रिकामा होता. आप्पा तिसऱ्या दिवशी त्या नाल्यात सापडले.

"आपण बसनं आलोय हे ते विसरले असणार गं," परीक्षित कुंपणाकडे बघत म्हणाला. "माझी पांढरी गाडी शोधत इथवर आले. चार हजार गाड्या, यार, आणि त्यात आपली नाहीच."

"कुणीच विचारलं नाही त्यांना? कुणाबरोबर गेले असते तर..."

"छे. आप्पा माझ्याशिवाय कुणाच्या गाडीत पाऊलसुद्धा टाकायचे नाहीत. सोसायटीतल्या राजेशनं डॉक्टरकडे नेतो म्हटलं, तर रस्त्यातच खाली बसले होते."

तो कुंपणालगतच्या कठड्यावर टेकला. चेहरा रुमालानं पुसला, आणि रुमाल तसाच डोळ्यांवर धरून ठेवला.

"नीट प्लॅन करायला हवं होतं मी. लोक म्हणतात तू किती करतोस सगळ्यांसाठी. मला मात्र एवढंच ऐकायचंय की माझी चूक नव्हती. तेवढं कुणी छातीठोकपणे म्हणत नाही."

आश्लेषाला भडभडून आलं. तिचेही बाबा नागपूरला एकटेच होते. हल्ली फोनवर तेच ते दोनदा सांगायचे, आणि ती 'हो बाबा' म्हणत लॅपटॉपवर काम करत राहायची. या माणसानं वडिलांना जवळ तरी आणलं होतं. चार वर्षं तो त्याची शिक्षा भोगत होता, आणि एवढ्या मोठ्या मंडळात त्याला धीर देणारा एक शब्द कुणाकडे नव्हता. तिला सगळ्यांचा रागच आला.

"दादा, चूक कसली? तुम्ही तर सगळं आधीपासून ठरवून त्यांना बसनं आणलंत. थांबा, दाखवतेच तुम्हाला."

ती मोबाइलवर काहीतरी शोधू लागली.

"काय करतेस?"

"कमिटीच्या ड्राइव्हवर सगळ्या वर्षांचे बसचे फॉर्म पडलेत. दीपाताईंनी कालच ॲक्सेस दिला."

"राहू दे गं, आश्लेषा."

"नाही, बघाच तुम्ही. कागदावर असलं म्हणजे मनाला पटतं." तिचा अंगठा भराभर खाली सरकत होता. "हे बघा, सापडला, त्याच वर्षीचा. परीक्षित काळे. अहो, चक्क अकरा दिवस आधी भरलाय फॉर्म! शेवटच्या तासाशिवाय कुणी भरतं का आपल्याकडे? आणि म्हणे नीट प्लॅन केलं नाही!"

"आश्लेषा, उन्हात नको उभी राहूस. चल, आत जाऊ."

"एक मिनिट, दादा, एवढं ऐका," ती म्हणाली, आणि त्याला नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं वाचू लागली, "जाताना सीट, दोन. येताना सीट, एक."