कोथिंबीर जास्त झाली

“काका, पालेभाजी खाता का?” चिन्मयी डॉक्टरांनी विचारलं.

“हात लावत नाही,” शरच्चंद्र छाती काढून म्हणाले. “बकरीचं खाणं आहे ते.”

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या त्यांच्या बायकोने, प्रेमिलाताईंनी नजर चोरली.

चार महिन्यांपूर्वी धरमपेठेतल्या हॉस्पिटलच्या याच खोलीत हाच प्रश्न आला होता आणि हेच उत्तर गेलं होतं. शरच्चंद्रांच्या हृदयाची झडप बदलून तेव्हा महिना झाला होता. रक्त पातळ ठेवायची गोळी आता जन्मभराची होती. डॉक्टर पुढे जेवणाबद्दल काहीबाही समजावत होत्या. शरच्चंद्र नेहमीप्रमाणे न ऐकता हो हो करत होते. प्रेमिलाताईंचं तर लक्षच नव्हतं. डॉक्टर विचारतात म्हणजे पालेभाजी खायलाच हवी, एवढं त्यांनी धरलं आणि मनातल्या मनात पालक निवडायला घेतला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा उद्योग सुरू झाला. अडतीस वर्षं ज्या माणसाने ताटात हिरवं पान पडू दिलं नाही, त्याच्या पिठल्यात वाटलेला पालक जाऊ लागला. गोळाभातातल्या बेसनाच्या गोळ्यांत माठ, धिरड्यात मेथी.

“हे हिरवं काहून दिसून राहिलं वं?” पहिल्या दिवशी शरच्चंद्रांनी विचारलं होतं.

“कोथिंबीर जास्त झाली.”

त्यांनी निमूट खाल्लं. वर आणखी मागून घेतलं. मग रोजच मागून घेऊ लागले. दोन महिन्यांत चेहऱ्यावर तकाकी आली, हातांची खरखरीत कातडी मऊ पडली. शेजारच्या सिंधूताईंनी विचारलंसुद्धा, “भाऊजींच्या तोंडाले काय लावून राहिल्या तुम्ही?” प्रेमिलाताईंना त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं.

आता डॉक्टरांनी तपासणीचे कागद टेबलावर ओळीने मांडले.

“रक्त किती पातळ आहे ते सांगणारा हा आकडा अडीचच्या वर हवा. पहिल्या महिन्यात होता. नंतर दर वेळी खाली. मी तीनदा गोळी वाढवली, तरी आज दीडच्या आत आलाय. झडपेवर रक्ताची गुठळी धरली तर ती मेंदूत जाऊ शकते, काका. पालेभाजीने या गोळीचा जोर कमी होतो, म्हणून पुन्हा विचारलं. तुम्ही खात नाही म्हणता, तर मला गोळी आणखी वाढवावी लागेल.”

प्रेमिलाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. शरच्चंद्रांना खोटं खपत नसे. सासरी आल्यावर एकदा त्या माहेरच्या भेटीबद्दल काहीतरी लपवून बोलल्या होत्या, तर या माणसाने महिनाभर अबोला धरला होता. आणि हे तर चार महिन्यांचं खोटं, तेही रोज दोन वेळचं. सांगितलं तर पुन्हा कधी आपल्या हातचं खातील की नाही, याची भीती. नाही सांगितलं तर काय होईल, ते डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं होतं.

डॉक्टरांचं पेन चिठ्ठीवर टेकलं.

“खातात,” प्रेमिलाताई म्हणाल्या. “रोज खातात. मी लपवून घालते.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. किती, कशात, केव्हापासून, सगळं विचारून घेतलं. विचारता विचारता त्यांचाही चेहरा उतरला.

“बोललात ते बरं झालं, काकू. मी गोळी वाढवत गेले असते, आणि चार दिवस तुम्ही गावाला गेला असता, यांच्या पोटात पाला गेला नसता, तर रक्त इतकं पातळ झालं असतं की साधं खरचटलं तरी वाहायचं थांबलं नसतं. आज यांना इथेच ठेवून घेते. भाजी एकदम तोडूही नका. किती द्यायची ते मी ठरवून देते.”

डॉक्टर नर्सला बोलवायला बाहेर गेल्या. खोलीत दोघंच उरले. प्रेमिलाताईंना मान वर करायचा धीर होईना. आता बोलणं बंद होणार, किंवा त्याहून वाईट काहीतरी, असं धरून त्या पदराचं टोक पिळत बसल्या.

“मले पहिल्याच दिवशी समजलं होतं,” शरच्चंद्र हळूच म्हणाले. “कोथिंबिरीचा वास मले येत नाही काय वं?”

प्रेमिलाताईंनी दचकून वर पाहिलं. “मंग डॉक्टरीण बाईले खात नाही असं काहून सांगितलं? अन् रोज दोनदा काहून खाल्लं?”

शरच्चंद्रांनी समोरचे कागद एकावर एक नीट रचले.

“खातो म्हटलं असतं तर तुझं गुपित फुटलं असतं. ऑपरेशन झाल्यापासून तू हासलीच नव्हती. मी पिठलं संपवलं का हासायची. म्हणून दोनदा घेत होतो.”