नावानिशी यादी

सरकारचं लेखी उत्तर आलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. बाराला राज्यसभेत प्रश्नोत्तरांचा तास, आणि त्याआधी उत्तर वाचून मंत्र्यांना अडवणारे उपप्रश्न साहेबांच्या मोबाईलवर पोचवायचे, हे सुलक्षणाचं काम. खासदारसाहेबांच्या शिरूरच्या कार्यालयात ती चार वर्षं हेच करत होती. साहेब दिल्लीत गरजायचे, शब्द शिरूरचे असायचे.

आजचा प्रश्न मात्र तिचा स्वतःचा होता. आखातातल्या त्या देशात सरकारने तीन वर्षांत किती शिष्टमंडळं पाठवली, त्यांच्यावर किती खर्च झाला, आणि तिथे अडकलेल्या आपल्या कामगारांवर वकिलातीने किती केला? बेपत्ता आणि मृत कामगारांची नावानिशी यादी द्यावी. 'नावानिशी' हा शब्द तिने हट्टाने घातला होता. नुसते आकडे विचारले की सरकार निसटतं, हे तिला पाठ झालं होतं. आणि त्या यादीत तिला एकच नाव शोधायचं होतं.

त्या नावाचा बाप समोरच्या बाकावर बसला होता. राहू गावचे म्हस्कूआप्पा. त्यांचा माऊली कारेगावात खोली घेऊन कंपनीत वेल्डिंग करायचा. एजंटाच्या नादी लागून आखातात गेला आणि दीड वर्षापूर्वी त्याचा फोन बंद झाला. तेव्हापासून आप्पा दर गुरुवारी दोन एसट्या बदलून यायचे, "काय कळलं का, ताई?" म्हणायचे, चहा घ्यायचे, जायचे. कार्यालयाने धाडलेल्या पत्रांना एकच ठरलेलं उत्तर यायचं, चौकशी चालू आहे. म्हणून तर हा प्रश्न. तो कामकाजात लागल्याचं तिने मागच्या गुरुवारी सांगितलं, तेव्हा आप्पा गडबडले होते. "कशाला येवढं वर न्यायचं, ताई?" माणूस भिडस्त, असं तिला वाटलं. काल तिने राहूला फोन करून त्यांच्या बायकोला, भामाबाईंनाही सांगून टाकलं, की उद्या बाराला टीव्ही लावा, साहेब तुमच्या माऊलीचं विचारणार आहेत.

पहिली दोन पानं वाचून ती खुलली. शिष्टमंडळांचा खर्च डोळे फिरवणारा, आणि कामगारांवरचा त्यांच्या चहापाण्याएवढाही नाही. आज मंत्र्यांची काही धडगत नव्हती. मग तिने जोडपत्र उघडलं. पुणे जिल्हा, सहा नावं. पाचवं माऊलीचं. मुक्काम राहू, तालुका दौंड. मृत. दफनविधी तिथेच, वकिलातीमार्फत. वडिलांची लेखी संमती प्राप्त. तारीख अकरा महिन्यांपूर्वीची.

माऊली गेला होता. तो मातीआड झाला त्यालाही वर्ष होत आलं होतं, आणि हा बाप आजही त्याची वाट बघत एसट्या बदलून आला होता. ती ओळ तिने तीनदा वाचली. वडिलांची संमती? वडील तर तिच्या समोर बसून टोपीने वारा घेत होते!

खोटी सही. बापाच्या नावाने खोटी सही करून पोराला परक्या मुलखात पुरलं होतं. संतापाने तिने भराभर टाईप केलं. ज्या वडिलांनी संमती दिली म्हणता, ते आजही आमच्या कार्यालयात मुलाला शोधत येतात. मग ही सही कोणाची, हे मंत्रिमहोदय सभागृहाला सांगतील काय? मिनिटभरात साहेबांचा फोन आला, "सुलक्षणा, आज सरकार गेलं! नाव घेऊन विचारतो. त्या वडिलांना हलू देऊ नकोस, चॅनेलवाले येतील."

बाराला पाच कमी होते. आता सांगणं भागच होतं. ती आप्पांच्या पुढ्यात खाली बसली. त्यांचा हात धरला, आणि तिलाच रडू फुटलं.

"आप्पा, वाईट बातमी आहे. माऊली गेला हो. आणि तुमची खोटी सही करून त्यांनी त्याला तिथंच..."

आप्पा हलले नाहीत. डोळ्यांना धार लागली नाही, तोंडातून हाय निघाली नाही. त्यांनी फक्त कोपऱ्यातल्या टीव्हीकडे पाहिलं.

"ताई, ह्ये समदं आता टीव्हीवर बोलत्यात का? त्याचं नाव घिऊन?"

"हो आप्पा. साहेब सोडणार नाहीत त्यांना."

"सही खोटी न्हाई. माझीच हाय." आप्पांचा आवाज अगदी खाली गेला. "पोलीस कागद घिऊन आलं हुतं, मी एकलाच हुतो रानात. जळून गेलं हुतं पोरगं, वळखू येत न्हवतं म्हनं. हितं आणलं आसतं तर त्याच्या आईनं त्वांड बघाया मागितलं आसतं."

सुलक्षणा ताडकन उठली. साहेबांना फोन लावला. उचलेनात. पुन्हा लावला. उचलेनात. टीव्हीवर सभापतींनी प्रश्न पुकारला. मंत्र्यांनी उत्तर पटलावर ठेवलं, आणि साहेब हातातला मोबाईल बघत उठले.

"आप्पा," ती वळली, "मग तुम्ही अकरा महिने इथं कशाला येत होतात?"

"म्हातारीसाठी. तिला आजून ठावं न्हाई. मी गुरवारी हिकडं याया निघालो, की त्या दिशी ती जेवती."