मांडीतला साठा

शालन गेली त्या दिवशी शेजारून पिठलंभात आला नाही. ती पद्धत कधीच मोडली होती. आता प्रत्येकाच्या मांडीत बटाट्याच्या पेशींची गाठ बसवलेली असायची. जेवणातल्या साखरेचा ती बटाट्यासारखाच स्टार्च करून ठेवायची आणि लागेल तशी साखर परत सोडायची. दीड-दोन महिने जेवलं नाही तरी चालायचं.

शालन मात्र हौसेने रोज रांधायची.

ती गेल्यापासून चाळीस दिवस तिचे यजमान दिगंबर खोत जेवले नव्हते. भूक नव्हती, रडूही आलं नव्हतं.

मुलीने, केतकीने, त्यांच्या मांडीला मीटर लावला. “बाबा, साठा चारच टक्के उरलाय. आज तरी जेवा.”

“राहू दे.”

“का पण?”

“हे सगळं तिच्या हातचं आहे. नवीन खाल्लं की त्यात मिसळेल.”

केतकीने मीटर ठेवून दिला.

दोन दिवसांनी साठा संपला. गाठ बसवल्यापासूनच्या वीस वर्षांत पहिल्यांदाच दिगंबरांना भूक लागली. ते उठून स्वयंपाकघरात गेले, पातेल्यात तांदूळ घेतले आणि सवयीने ओरडले, “अगं, पाणी किती घालू?”

“दुप्पट घाला, बाबा,” बाहेरून केतकी म्हणाली.

तेव्हा कुठे दिगंबर ओट्याला टेकून रडायला लागले.