फाट्यावर अडवलेली वही

सकाळी साडेसात वाजता फाट्यावरच्या चौकीसमोर परतूरकडे निघालेली काळीपिवळी जीप थांबवून पोलिसांनी राजानंदला खाली उतरवलं. बॅग उघडली, आतली वही काढून घेतली. बाकीचे प्रवासी घेऊन जीप पुढे गेली.

राजानंद लष्करी अकॅडमीत कॅडेट होता. सुट्टीवर गावी आलेला. सीमेवर लढाई पेटली आणि सुट्टी रद्द झाल्याचा निरोप आला. परतूरहून दुपारची रेल्वेगाडी पकडून वेळेत हजर झाला नाही, तर अकॅडमीतून त्याचं नाव कमी होणार होतं.

त्याचे आईवडील, शिवकन्या आणि भिवा, मोटारसायकलवर चौकीत पोचले तोवर बाहेर माणसं जमली होती. "गद्दाराला बाहेर काढा," कुणीतरी ओरडलं.

या वहीबद्दल काल चौकीत अर्ज आला होता, म्हणत जमादार तातेरावाने ती टेबलावर उघडी ठेवली. रेल्वेचा पूल, त्याच्या खांबांची जाडी. मोबाईलचा टॉवर, पाण्याची टाकी. ताडपत्री टाकलेले मालगाडीचे डबे.

"हे काय हाय?"

"सराव," राजानंद म्हणाला. "जाऊ तिथं नीट बघायचं, रात्री उतरवायचं. सगळे कॅडेट लिहितात. आमचे शिकवणारे उस्ताद तपासतात."

"लढाई चालू हाय आन् हा पूल काढून राह्यला. म्हणं सराव!" दारातून धर्मराज बोलला. पोलिस पाटील पुंजारामचा मुलगा. भरतीत दोनदा नापास झालेला. मागच्याच आठवड्यात त्याने पुलावर राजानंदची कॉलर धरली होती. नकाशा कोणाला इकतो, म्हणून.

भिवा बाहेर गेला आणि थेट गर्दीतल्या पुंजारामसमोर जाऊन उभा राहिला.

"पाटील, हे तुमचंच काम. तुमचं पोरगं पडलं, म्हणून माझ्या पोराची गाडी चुकवायलात."

"तोंड सांभाळ, भिवा. तुझं पोरगं गेलं तर गाव मोकळं होईल. त्याला ठेवून घेऊन मी काय लोणचं घालू?"

काही जण हसले.

"मंग अर्ज कोणी दिला?"

"मला काय माहीत? त्याच्या वहीत काय हाय ते मी तुझ्या घरात येऊन वाचलं का? तुझ्या उंबऱ्यात पाय तरी ठेवला का कधी?"

"तेच तर. पाणी तरी पेलात का कधी आमच्यात?"

हसणारे मागे सरकले.

भिवा आत आला. "जमादारसाहेब, अर्जदाराचं नाव सांगा. पाया पडतो त्याच्या."

"नाव सांगता येत न्हाई." तातेरावाने कागदात डोकं घातलं.

"मंग नेहमीसारखं आपसात मिटवा."

या चौकीची तशी रीतच होती. बांधाचं भांडण असो की मारामारी, तातेराव माणसाला दिवसभर बाकावर बसवून ठेवायचा. राग उतरला की संध्याकाळी 'आपसात मिटलं' असं लिहून घरी पाठवायचा. आजूबाजूच्या गावांना हे पाठ होतं.

"वर कळवावं लागलं," तातेराव म्हणाला. "लढाईचे दिवस हायत. जालन्याहून साहेब येऊन राह्यलेत."

शिवकन्या बाकावर लेकाशेजारी बसली. मांडीवर शेंगदाण्याच्या लाडूंचा डबा होता. काल ती दाणे आणायला फाट्यावर आली होती. रात्री लाडू वळले होते.

"गाडी गेली का रे?" तिने विचारलं.

"अजून न्हाई, आई. आत्ता सोडलं तरी गाठता येईल."

"सरहद्दीवर लई मरायलेत म्हणं."

"मी अकॅडमीत चाललो, सरहद्दीवर न्हाई. किती बार सांगू?"

"सगळे आईला असंच सांगतेत."

ती पुन्हा पुन्हा वेळ विचारत राहिली. दुपार झाली. परतूरहून भिवाला फोन आला, गाडी सुटली. भिवाने भिंतीला डोकं टेकलं. शिवकन्येने डबा उघडला आणि राजानंदच्या हातावर लाडू ठेवला.

"खा आता," ती म्हणाली.

लाडू हातातच होता, तेव्हा जालन्याहून पोलिसांची गाडी आली. साहेबांनी वही पाकिटात घातली, पाकिटाला लाखेचं सील लावलं. हेरगिरीचा संशय, असं तातेरावाने नोंदवून घेतलं. राजानंदच्या दोन्ही बाजूंना शिपाई बसले. गाडीवर एक दगड पडला. कोणी मारला ते कळलं नाही. भिवा वकील शोधायला मोटारसायकल घेऊन गाडीमागे गेला.

गर्दी पांगली. पुंजाराम जाताना पायरीवर थुंकला.

चौकी रिकामी झाल्यावर शिवकन्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"जमादारसाहेब, माझा अर्ज मला माघारी द्या. गाडी चुकली, झालं माझं काम. आता आपसात मिटलं म्हणून लिवा."

तातेरावाने टेबलाचा खण ओढून तिला दाखवला. खणात काही नव्हतं. अर्ज वहीला टाचून जालन्याला गेला होता.