फ्लेक्सवरचा हरिओम

लातूरच्या शिकवणी वर्गांतल्या मुलांमध्ये गांजाचं व्यसन कसं पसरतं, यावर हुमा संशोधन करत होती. रेणापूरच्या हरिओमनं मोकळेपणानं मुलाखत दिली, पण उठताना त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, अण्णाला कळलं तर शिकवणी बंद. उद्यापासून म्हशीमागं."

"तुझं नाव माझ्याकडून कुणालाही कळणार नाही."

"ते खरं हाय. पण क्लास बुडला की सर लगेच घरी फोन लावतात. कुठं होतो म्हणून सांगू?"

"विद्यापीठाच्या संशोधनासाठी निवड झाली, एवढंच सांग. ते काही खोटं नाही."

पुढच्या आठवड्यात हुमा रेणापूरवरून जात होती. चौकात भलामोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर हात जोडलेला हरिओम, त्याचं पूर्ण नाव, आणि खाली : 'हुमा मॅडमच्या संशोधनासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : समस्त मित्रमंडळ.' संशोधन कशावर, ते कुणी विचारलंच नव्हतं. हुमाचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी रेणापूरचे जिलानी टेलर तिच्या दारात उभे.

"मॅडम, त्या हरिओमपेक्षा आमच्या अजहरला लई जास्त मार्क हायत. मग त्याला का न्हाई घेतलं? वशिला लागतो का?"

अजहरची मुलाखत हरिओमच्याही आधी झाली होती. त्यानं घरी चकार शब्द काढला नव्हता.

"यंदाच्या जागा भरल्या, चाचा," हुमा म्हणाली.